युरोपच्या उन्हातला सातवा नंबर

युरोपातल्या सौरऊर्जेत मोठा पैसा कोणाकोणाचा आहे, याची एक यादी हैदराबादच्या कुकटपल्लीतली एक कंपनी दर सहा महिन्यांनी काढते. यादीत बारा नावं असतात. गेल्या मार्चच्या यादीत पहिला होता नॉर्वेचा एक फंड, दुसरी एक फ्रेंच विमा कंपनी, तिसरे एक आखाती शेख, चौथी लक्झेंबर्गची एस्टेला होल्डिंग्ज, जिच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं पण जी पहिल्या यादीपासून चौथीच होती. आणि असं करत करत सातव्या क्रमांकावर होतं हितवर्धिनी मंडळ, अंबरपेठ, हैदराबाद.

मंडळाला याचा पत्ता नव्हता. मंडळाची मालमत्ता म्हणजे एक हॉल, एकशे दहा खुर्च्या, त्यातल्या बसण्याजोग्या एकोणतीस, पुस्तकांची दोन कपाटं, आणि गच्चीवर लग्नाच्या वऱ्हाडासाठी बसवलेला दोनशे लिटरचा सोलर बंब. बंबाचं पाणी गरम होत नसे. पण बंब होता.

हा पराक्रम शर्वरीचा. ती कंपनीत नवी लागली होती आणि सहा महिने प्रोबेशनवर होती. तिच्याकडे यादीचा तक्ता भरायचं काम आलं, आणि सातवं नाव काही केल्या येईना. संदीप सर म्हणाले, येईल संध्याकाळपर्यंत. तोवर ओळ रिकामी ठेवावी तर खालच्या पाच ओळी कोसळून एकमेकींत शिरायच्या. काहीतरी लिहिणं भाग होतं. तिसरीत असल्यापासून शर्वरी मंडळाची पाकिटं लिहून द्यायची, कारण तिचे सुधीरमामा मंडळाचे चिटणीस होते आणि पाकिटं लिहायला भाचीसारखं स्वस्त माणूस नाही. मराठी वाचताना ती अजूनही अडखळायची, पण इंग्रजीतला तो पत्ता तिच्या हाताला पाठ होता. हातानं तो लिहून टाकला. क्षमतेच्या रकान्यात काय घालावं, तर बंबाचे दोनशे घातले. पुढे 'मेगावॉट' हे कॉम्प्युटरनं आपण होऊन लावलं.

आल्यावर बदलू, असं म्हणून ती खालच्या बंडीवर डोसा खायला गेली. परत आली तेव्हा यादी साडेतीनशे गिऱ्हाइकांना गेली होती.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. ते उद्या पाच महिने पुरलं. कारण मजा अशी, की कोणी विचारलंच नाही. यादी हा प्रकार वाचण्यासाठी नसतो, आपल्या अहवालाला मागून जोडण्यासाठी असतो. जोडणाऱ्यांनी ती जोडली. त्यांची पाहून आणखी काहींनी जोडली. जर्मनीतल्या एका पत्रकात तर 'गाजावाजा न करता काम करणारा दक्षिण आशियाई गुंतवणूकदार' असा मंडळाचा गौरव झाला, आणि खरं सांगायचं तर त्यात गाजावाज्याबद्दलचं जे होतं ते बरोबर होतं.

मग ऑगस्टात एका दुपारी मामांचा फोन आला.

"शर्वरी, काय करू लागलीस?"

"जेवू लागले, मामा."

"जेव, जेव. मंडळाला पोर्तुगालहून पत्र आलंय. आवक क्रमांक एकशे चाळीस. इनेस म्हणून बाई आहेत. त्यांची एक टेकडी आहे, टेकडीवर मेंढ्या आहेत, मेंढ्यांवर पॅनल लावायचेत."

"मेंढ्यांवर?"

"मेंढ्यांच्या वर गं. उंचावर. मेंढ्या खाली सावलीत चरणार. आपण सातवे आहोत म्हणे, तर आपण पैसा घालावा, असा अर्ज आहे."

शर्वरीनं डबा बंद केला. भूक अशी अचानक संपते हे तिला नवीन होतं.

"मामा, तुम्ही काय कळवलं?"

"काय कळवणार? आपले पत्र मिळाले, विषय विचाराधीन आहे, रविवारी सकाळी दहा वाजता कार्यकारिणीसमोर समक्ष हजर राहावे."

"अहो, आम्ही ते नाही असं लिहायचं की."

"कैकू? पत्र आपल्याच नावानं आलंय."

इथे मामांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. नामपल्लीच्या जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती आणि त्या चौतीस वर्षांत कागदावर एकदाही 'नाही' लिहिलं नव्हतं. 'नाही' लिहिलं की फाईल बंद होते, आणि बंद फाईलवर अपील होतं. 'विचाराधीन' लिहिलं की सगळे सुखात राहतात. दुसरी सवय, आलेल्या प्रत्येक पत्राला सात दिवसांत उत्तर. लग्नपत्रिकेलासुद्धा. आपल्या विवाहाची नोंद घेण्यात आली आहे, असं उत्तर हैदराबादेतल्या अर्ध्या मराठी जोडप्यांच्या अल्बममध्ये सापडेल.

"आणि ती बाई येणार आहे?"

"हौ. त्या इथंच आहेत, कुठल्या प्रदर्शनाला आल्यात. लगेच येते म्हणाल्या. उत्तरात तीन पिवळी हसरी तोंडं काढलीत. मी त्यांचीही नोंद केली."

शर्वरीनं मग तेच केलं जे घाबरलेला माणूस करतो. दुसऱ्या कोणाचा तरी प्रश्न आहे असं दाखवून ती संदीप सरांकडे गेली.

संदीप सर पुण्याचे. चार वर्षं खानावळीत जेवून इंजिनिअर झालेले, आणि त्या जेवणाचा राग अजून शिल्लक असलेले. ही यादी त्यांचंच अपत्य. पहिली आवृत्ती त्यांनी एकट्यानं काढली होती आणि तिची चौकट करून टेबलामागे लावली होती.

"सर, समजा यादीतल्या कोणाला आपलं नाव नको असू लागलं तर?"

"'नको असू लागलं' नाही, 'नको झालं'," सर म्हणाले. "कोणाला नको झालंय?"

"समजा म्हटलं."

"छापलेलं नाव आपण आपल्या मनानं काढत नाही. त्या पार्टीचं पत्र लागतं. लेटरहेडवर, सही, गोल शिक्का. सप्टेंबरची यादी सोमवारी बंद होतेय, आणि तुझं प्रोबेशनही आताच संपतंय ना? तुझा मार्चचा तक्ता चांगला होता. सातवा कुठून शोधलास?"

"घरचेच आहेत, सर," शर्वरी म्हणाली. सर हसले. खरं बोलून सुटण्याची ही एक संधी होती, आणि ती तिनं अशी वापरली.

म्हणजे आता सगळं एका कागदावर आलं. सोमवारपर्यंत मंडळाचं शिक्क्याचं पत्र मिळालं, तर नाव गुपचूप निघेल आणि तिची नोकरी राहील. नाही मिळालं, तर पुन्हा सातवा क्रमांक, आणि कधीतरी कोणीतरी अंबरपेठेत येऊन दोनशे मेगावॉट शोधेल. आणि पत्र हवं कोणाकडून, तर ज्यांनी जन्मात 'नाही' लिहिलं नाही त्यांच्याकडून.

मामांना तिनं शनिवारी जाऊन सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं. "पत्र देऊ की," ते म्हणाले. "पण माझ्या मनानं कसं देऊ? ठराव लागतो. उद्या विषय घेऊ."

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना इनेस आली. उंच, उन्हानं भाजलेली, पायात चिखल वाळलेले बूट. मामांनी तिला एकोणतिसांतली खुर्ची दिली. अध्यक्षस्थानी कुसुमताई होत्या. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं आणि अजूनही समोरच्याकडे त्यानं गृहपाठ आणला नसल्यासारखं बघायच्या. त्यांच्या उजव्या हाताला अरविंदराव वकील. सिटी सिव्हिल कोर्टातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण हे अजून कोणी त्यांना नीट सांगितलं नव्हतं.

विषय क्रमांक एक, मागील सभेचा वृत्तान्त. दोन, खुर्च्या. तीन, बंबाचं पाणी. चार, पोर्तुगाल. इनेसनं मागील सभेचा वृत्तान्त सबंध ऐकला. शर्वरी तिला इंग्रजीत सांगत होती आणि ती वहीत उतरवून घेत होती. खुर्च्यांवर पस्तीस मिनिटं गेली.

तिसऱ्या विषयाला कुसुमताई म्हणाल्या, "या बाई त्यातल्याच आहेत ना? मग आधी त्यांना बंब दाखवा."

सगळे गच्चीवर गेले. बंब लोखंडी घोडीवर तिरका उभा होता, आणि त्याच्या पुढे भली मोठी पाटी होती : कै. जयवंताबाई यांच्या स्मरणार्थ. जयवंताबाई म्हणजे कुसुमताईंच्या सासूबाई. इनेसनं बंबाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढून त्यातलं होकायंत्र पाहिलं.

"हे उत्तरेकडे का तोंड करून आहे?" तिनं विचारलं.

"रस्ता उत्तरेला आहे," मामा म्हणाले. "दक्षिणेला लावला तर पाटी वाचणार कोण?"

"पण सूर्य दक्षिणेकडून जातो."

"सूर्याला पाटी वाचायची नाहीये."

शर्वरीनं हे भाषांतर केलं. इनेसनं मान हलवली. तिला बहुतेक ते पटलं. सात वर्षं हा बंब सूर्याकडे पाठ करून उभा होता, आणि प्रत्येक वऱ्हाडानं थंड पाण्यानं आंघोळ करून जयवंताबाईंना सद्गती चिंतली होती.

"फिरवायचा झाला तर पाटी शेजाऱ्यांच्या भिंतीकडे जाईल," मामांनी हळूच कुसुमताईंना सांगितलं.

कुसुमताईंनी पदरानं पाटीवरची धूळ पुसली. "फिरवा," त्या म्हणाल्या. "त्या तशाही शेजाऱ्यांकडेच बघायच्या."

मंडळी खाली उतरली. शर्वरी आणि इनेस मागे राहिल्या, आणि शर्वरीला आता तो बंब बघवेना. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. तक्ता, ओळ, डोसा, मेगावॉट. मंडळाकडे पैसा नाही, टेकडी नाही, तुमची सगळी सकाळ फुकट गेली, मला माफ करा.

इनेस घोडीचे बोल्ट तपासत होती. "मला खुर्च्यांच्या वेळीच शंका आली होती," ती म्हणाली.

"मग उठून गेला का नाहीत?"

"मी बाराही जणांना लिहिलं. शेखसाहेबांकडून आपोआप येणारं एक उत्तर आलं. चौथ्याचा फोन नंबर तुमच्या यादीत होता, तो लागला. भारतातलाच निघाला. एक बाई तुटक इंग्रजीत म्हणाल्या, रविवारी संध्याकाळी जेवण नसतं, आणि फोन ठेवून दिला. माणसानं लिहिलेलं पत्र एकच आलं. त्यात लिहिलं होतं, आम्ही विचार करतोय." तिनं पाना मागितला. "कोणी विचारसुद्धा करत नाही हो."

चौथा विषय निघाला तेव्हा मामांनी शर्वरीला जे हवं होतं ते सभेपुढे ठेवलं : हे मंडळ युरोपीय सौरऊर्जेत नाही, असं पत्र कंपनीला द्यावं.

अरविंदराव उठले. "हरकत आहे. ज्यात आपण नाही त्यातून बाहेर कसं पडायचं? ताबा नसेल तर ताबा सोडता येत नाही. आधी आत गेल्याचा ठराव करावा लागेल."

"आत जायला पैसे लागतात, अरविंदराव."

"मग थांबा. पाच महिने आपलं नाव तिथं आहे, कोणी हरकत घेतली नाही. बारा वर्षं काढली की वहिवाटीनं सातवा नंबर आपलाच."

ही कल्पना लोकांना आवडली. शर्वरीच्या ध्यानात आलं की पंधरा मिनिटांपूर्वी ज्यांना आपण सातवे आहोत हे ठाऊक नव्हतं, त्यांना आता ते सोडवत नव्हतं. मागून कोणी म्हणालं, सिकंदराबादच्या मंडळाचं नाव यादीत आहे का ते बघा आधी. नव्हतं. झालं, मग तर प्रश्नच मिटला.

"शांत राहा," कुसुमताई म्हणाल्या, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं सगळे शांत झाले. "आपण गेलो तर सातवं कोण होईल?"

शर्वरीनं फोनमध्ये पाहिलं. "आठव्या नंबरवाले. हॉलंडमधल्या निवृत्त शिक्षकांचा पेन्शन फंड आहे."

हॉलभर सुस्कारे निघाले. समोर बसलेल्या चौदांपैकी अकरा जण पेन्शनीत होते.

"शिक्षक आहेत?" कुसुमताईंनी विचारलं.

"हौ."

"आणि आपल्यामुळे आठवे राहिलेत?"

"तसंच म्हणायचं."

"मग देऊन टाका," कुसुमताई म्हणाल्या. "मास्तर माणसं. कोणी पुढे ढकलल्याशिवाय पुढे जायची नाहीत."

ठराव एकमतानं मंजूर झाला, अरविंदरावांचं मतभेदाचं टिपण जोडून. पत्र मामांनी स्वतः इंग्रजीत लिहिलं, शिक्का मारला, जावक क्रमांक घातला आणि पाकीट डिंकानं चिकटवलं. "मी बघू का एकदा?" शर्वरीनं विचारलं. "नक्को. नेणाऱ्यानं वाचायचं नसतं," मामा म्हणाले.

इनेस मिरची भजी खाऊन गेली. जाताना तिनं बंब फिरवला.

सोमवारी सकाळी शर्वरीनं पाकीट संदीप सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते उभे राहिले, जे ते फायर ड्रिललाही राहत नसत.

पत्रात होतं ते असं : 'हे मंडळ युरोपीय सौरऊर्जेतील आपले सातवे स्थान, कोणताही दबाव नसताना, आठव्या क्रमांकावरील डच निवृत्त शिक्षकांच्या हितार्थ स्वखुशीने सोडत आहे. पोर्तुगालमधील टेकडीचा विषय विचाराधीन आहे.'

मामांनी दिलेला शब्द पाळला होता. आणि 'नाही' हा शब्द कुठेही नव्हता.

"शर्वरी, हे बाहेर पडतायत," सर म्हणाले. "दोनशे मेगावॉट घेऊन. सगळं डच फंडाला. आणि पोर्तुगालमध्ये नवीन काहीतरी बघतायत. ही बातमी जगात कोणाकडे नाही. आजच्या आज विशेष पत्रक काढू, वर तुझं नाव घालू. आणि कायम झालीस असंच समज."

आता फक्त गप्प बसायचं होतं. शर्वरीला ते चांगलं जमत असे, पाच महिन्यांचा सराव होता. पण तिला उगाच एक म्हातारे डच मास्तर दिसले. पत्रक वाचून चष्मा पुसतायत, कुठल्या तरी हिंदुस्थानी मंडळानं आपल्याला दोनशे मेगावॉट दिले म्हणतात, ते कुठे आले ते कागदांत शोधतायत. सापडत नाहीयेत. आपलीच बेरीज चुकली असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघतायत. मास्तर माणसं ती.

"सर, मेगावॉट नाही," ती म्हणाली. "लिटर."

"काय?"

"दोनशे लिटर. आंघोळीचा बंब आहे. मंडळ माझ्या मामांचं आहे. सातवं नाव आलं नव्हतं, ओळ रिकामी ठेवली की तक्ता कोसळत होता, म्हणून मी लिहिलं. नंतर सांगितलं नाही. चूक माझी आहे."

सर हळूहळू खाली बसले. पत्राची घडी करून त्यांनी ती पाकिटात परत घातली.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"मंडळाला. आणि पोर्तुगालच्या इनेसबाईंना. त्यांनी बाराही जणांना पत्रं लिहिली होती."

"बाराही?"

"हौ. चौथ्याला तर फोन केला."

सरांचा हात पाण्याच्या बाटलीवर थांबला. "मग?"

"लागला," शर्वरी म्हणाली. "एक बाई म्हणाल्या, रविवारी संध्याकाळी जेवण नसतं."

हे वाक्य मराठीत, मोठ्यानं, संदीप सरांसमोर म्हटल्यावर तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. भारतात रविवारी संध्याकाळी जेवण नसणारी जागा कुठली आणि कुठल्या शहरात, हे तिला सांगायची गरज नव्हती. चौकटीतली पहिली यादी सरांच्या डोक्यामागे लटकत होती. तिच्यातही एस्टेला होल्डिंग्ज चौथीच होती.

बाहेर कोणीतरी प्रिंटरला शिव्या देत होतं, तेलुगूत.

"नंबरचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता," सर शेवटी म्हणाले. "आणि पाठ असलेला नंबर तो एकच."

"हौ सर. कोसळतो तक्ता."

"'हौ' नाही, 'हो'," सर म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. मग त्यांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "खुलासा लिही. मागील याद्यांतली दोन नावं चुकीनं आली होती. साध्या शब्दांत."

"दोन?"

"दोन. आणि उरलेल्या दहांना विचारून घे, ते खरंच आहेत का."

"ते उत्तर देत नाहीत, सर."

"तुझे मामा पत्रं लिहितात ना?"

सप्टेंबरची यादी दहा नावांची निघाली. खाली खुलासा होता, शर्वरीच्या नावानं आणि संदीप सरांच्याही. एकाही गिऱ्हाइकानं तो वाचला नाही. डच शिक्षक एकदम सहावे झाले. एक तारखेला शर्वरीला कायम झाल्याचं पत्र मिळालं, आणि मामांनी त्याची पोच दिली.

मंडळाच्या बंबाचं तोंड आता दक्षिणेला आहे. त्यानंतर उतरलेल्या पहिल्याच वऱ्हाडातल्या तिघांनी लेखी तक्रार केली, पाणी फार कडक आहे. आवक क्रमांक एकशे त्रेपन्न. विषय विचाराधीन आहे.